कोर्टाचा चेक

कोंबड्यांच्या कारखान्यात हा नियम सगळ्यांना पाठ होता. खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा नागरिकांच्या ज्युरीवर बसाल तितके दिवस कंपनी पूर्ण पगार देणार, पण कोर्टाकडून येणारा चेक मागे सही करून कंपनीला द्यायचा. व्हर्नाला चार दिवसांचे ऐंशी डॉलर आले होते. पगार बघणाऱ्या जोलीनने दोनदा निरोप धाडला, तरी चेक व्हर्नाच्या पर्समध्येच होता.

तिसऱ्या निरोपाला व्हर्ना ऑफिसात गेली आणि तिने टेबलावर रोख ऐंशी डॉलर ठेवले.

"हे काय? चेक बँकेत टाकलास होय?" जोलीनने विचारलं.

"नाही. टाकणारही नाही. तुमचे पैसे पोचले ना?"

जोलीनने चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे पदरचे ऐंशी घालून कागद जपणार? डोकं ठिकाणावर आहे ना? खटला तरी कसला, ट्रॅक्टरचोरीचा. एवढं काय होतं गं तिथं?"

एकोणीस वर्षं व्हर्ना सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहून कोंबड्या कापत होती. यंत्रांच्या घरघरीत तिथं कुणी कुणाला काही विचारत नसे. घरी तर फक्त टीव्ही बोलायचा.

"शेवटच्या दिवशी मी म्हटलं, मला हे पटत नाही," ती म्हणाली. "तर अकरा माणसं बोलायची थांबली. शेजारच्या म्हाताऱ्या पोस्टमननं खुर्ची माझ्याकडं वळवली आणि म्हणाला, 'बोला बाई, आम्ही ऐकतोय.'"

जोलीनने नोटा ड्रॉवरमध्ये टाकल्या.

व्हर्नाने कानांत बोळे घातले आणि ती पट्ट्यावर परतली.