उपाशी गहू

वादळात संशोधन केंद्राच्या काचघराचं छत फुटलं आणि आतल्या गव्हाच्या कुंड्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न उभा राहिला. शेवटी त्या गव्हावर संशोधन करणारी ती, आपल्या मार्गदर्शक सरांची परवानगी घेऊन, कुंड्या घराच्या गच्चीवर घेऊन आली. घरी ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबांनी उभं आयुष्य एका कारखान्याच्या खानावळीत आचारी म्हणून काढलेलं. कुणी ताटावर हात आडवा धरला, तरी बोटांच्या फटीतून वाढणारा माणूस.

कुंड्यांत दोन प्रकारचा गहू होता. निम्म्यांत नेहमीचा, निम्म्यांत तिने संकर करून जमवलेला. मातीतला नत्र ओढून घेण्याचं काम गव्हातली बरीच जनुकं करतात आणि त्यांच्यावर एक जनुक मुकादमासारखं हुकूम चालवतं. आपल्या गव्हातला मुकादम जास्त कामसू आहे, असा तिचा होरा होता. तसं असेल तर शेताला खत कमी लागणार होतं, आणि जास्तीचं खत वाहून नदीत जाणं थांबणार होतं. हे पारखायला तिने सगळ्याच कुंड्या खताविना ठेवल्या होत्या.

पण दोन्ही गहू सारखेच पिवळे पडले. ती रोज सकाळी गच्चीवर जायची आणि तोंड पाडून खाली यायची.

“त्यांना उपाशीच ठेवायचंय, बाबा,” ती सांगायची.

“का? त्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय?”

मग एका बैठकीसाठी तिला परगावी जावं लागलं. नुसतं पाणी घाला, असं तिने बाबांना बजावलं. परत येऊन बघते तर गच्ची हिरवीगार.

“काय घातलंत?”

“पाणीच.”

“आणि?”

“पाण्यात थोडा युरिया. तोंडी लावण्यापुरता.”

ती मटकन कठड्यापाशी बसली. तिचा चेहरा बघून बाबांचं हसू मावळलं.

“म्हणजे मी सगळी वाट लावली का?”

“लावलीत.”

रात्री ते जेवायलाच येईनात, तेव्हा मात्र तिचा राग विरघळला. “चला आता,” ती म्हणाली. “या घरात उपाशी ठेवायला गहू पुरे होता.”

कुंड्या टाकून द्यायच्या होत्या, पण तिचा हात होईना. आज टाकू, उद्या टाकू करत दिवस गेले. मग एका सकाळी बाबांनी तिला वरून हाक मारली. नेहमीचा गहू ताडमाड वाढून आडवा पडला होता. तिचा मात्र ठेंगणाच राहिला होता. पण बुडातून फुटवेच फुटवे, कुंडीत बोट घालायला जागा नाही. तिने गुडघे टेकले आणि एकेक फुटवा चाचपून पाहिला.

तिने कळवलं तसे सर धापा टाकत जिने चढून आले. “खत किती दिलंत?” त्यांनी बाबांना विचारलं.

“अंदाजाने.”

सर खो खो हसले. “अंदाजाचा प्रयोग छापता येत नाही हो. पण नवा मांडता येतो.”

तिच्या डोक्यात आता लख्ख उजेड पडला होता. मातीत नत्रच नसेल तर मुकादम तरी काय करणार? चार घास मिळाले, तेव्हा त्याने ते उंचीवर न उधळता फुटव्यांवर, म्हणजे जास्तीच्या ओंब्यांवर, खर्च केले.

काचघर दुरुस्त झाल्यावर तिने सगळं नव्याने मांडलं. काही कुंड्या खताविना, काहींना थोडं खत, काहींना पूर्ण. कापणी झाली, दाणे तोलले. नेहमीच्या गव्हाने पूर्ण खतावर जेवढं पीक दिलं, तेवढं तिच्या गव्हाने थोड्यावर दिलं. वजनकाट्यापुढे उभी राहून ती एकटीच हसत सुटली.

संध्याकाळपर्यंत बाबांनी ही बातमी अख्ख्या इमारतीला सांगितली. प्रत्येक मजल्यावर जनुकाचं नाव वेगळं निघालं. ती त्यांच्या मागून जिना चढत होती, पण तिने एकदाही त्यांना सुधारलं नाही.