माझी खडखड थांबली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. रंग उडालेला, दाराला पोचा आलेला. पण माझ्या पोटातला गारवा वर्षानुवर्षे कधी कमी पडला नव्हता.

मला घरी आणले ते आत्याने. ती भाच्याकडे राहायची. तिला साखरेचा आजार होता, म्हणून दारातल्या वरच्या कप्प्यात तिच्या इन्शुलिनच्या कुप्या असत. "जपून ठेव रे बाबा," असे म्हणून ती दार लावायची. मला मोठा अभिमान वाटे.

पुढे माझ्या कॉम्प्रेसरखालची रबरे झिजली. कॉम्प्रेसर सुरू होताना आणि थांबताना अंग थरथरे, नळी पत्र्यावर आपटे आणि खडखड होई. दुखणे एवढेसे होते. पण सांगणार कसे? खडखड हीच माझी भाषा!

"अरे, याला कुणाला तरी दाखव," आत्या म्हणाली.

"जुना झालाय गं. म्हातारपणी कुरकुर करणारच," भाचा म्हणाला.

"मला बोलतोयस की त्याला?"

सगळे खो खो हसले. भाच्याने एक जुनी रजई आणली, माझी पाठ आणि भिंत यांच्यामध्ये गच्च कोंबली. आवाज दबला. "बघ, घरच्या घरी इलाज!" तो खुशीत म्हणाला.

मित्रांनो, आतली उष्णता आम्ही पाठीवरच्या जाळीतून बाहेर टाकतो. तीच वाट बंद झाली. कॉम्प्रेसर तापे, बंद पडे, धापा टाकत पुन्हा सुरू होई. अखेर भाचा आणि त्याची बायको परगावी गेली त्याच दिवशी कॉम्प्रेसर जळाला.

घर शांत झाले. "झालास बाई बरा एकदाचा!" आत्याने माझ्या दारावर थोपटले. आतला दिवा तर लागत होता!

बर्फ वितळून पाणी फरशीवर आले. "रडतोस काय रे?" म्हणत तिने ते पुसले. हो, रडतच होतो मी. आजाराने तिच्या बोटांची जाणीव गेली होती, त्यामुळे कुपी गार नाही हे तिला कळेना. उन्हाळ्याचे दिवस, त्यात मी भट्टीसारखा. औषध माझ्या डोळ्यांदेखत नासत होते आणि ती रोज तेच टोचून घेत होती. तिला सारखी तहान लागू लागली, घसा कोरडा पडू लागला. एका दुपारी पाण्याचा पेला घेऊन ती माझ्याशेजारीच कोसळली. मला साधे खडखडताही येईना.

पेला पडल्याचा आवाज ऐकून शेजारीण धावत आली. तिने गार पाण्यासाठी माझे दार उघडले आणि ओरडली, "अगं बाई, आत तर नुसती वाफ आहे!" तिनेच आत्याला दवाखान्यात नेले आणि डॉक्टरांना कुपीही दाखवली. आत्या वाचली, मात्र तिची नजर मंदावली.

मेकॅनिकने मला पुढे ओढले तेव्हा रजई धपकन खाली पडली. "साहेब, नुसती रबरं बदलायची होती. तुम्ही तर याचा श्वासच कोंडलात." भाचा खाली बसून रजईची घडी घालत राहिला.

आज मला भंगारात नेताना आत्या चाचपडत दारापर्यंत आली. "त्याने सांगितलं होतं रे," ती भाच्याला म्हणाली, "आपणच त्याचं तोंड दाबलं."

मित्रांनो, यंत्र असो वा माणूस, कुणी कुरकुरले तर आधी जवळ जाऊन कान द्या. आवाज बंद झाला म्हणजे दुखणे बरे झाले, असे नसते.