डोंगरावर सोडलेला जीव

नवऱ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं तर एक जीव मुक्त करीन, असं बी-यू क्वान-यिन देवीला बोलली होती. शेजारणी अशा वेळी मासे विकत घेऊन नदीत सोडत. तिने मात्र प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक काळा कुत्रा आणला.

“चावरा आहे हो, काकू. मालकाने जन्मभर आखूड साखळीला बांधून बिघडवलाय. मोकळा सोडू नका,” तिथल्या मुलीने बजावलं होतं.

बी-यूने मान डोलावली, त्याला चार दिवस हाताने भात भरवला आणि पौर्णिमेला मंदिरामागच्या डोंगरावर साखळी काढली. मुक्त करायचं म्हणजे मोकळंच सोडायचं, एवढंच तिला ठाऊक.

पुढच्याच आठवड्यात त्याने मंदिर झाडणाऱ्या ग्वेईआजीची पोटरी फाडली. पायऱ्यांवर गर्दी जमली.

“कुणीतरी पुण्य कमावलंय नि रक्त माझं सांडलंय!” आजी कण्हत म्हणाली. “कुणाचं गं हे ध्यान?”

कुत्रा झाडीत गुरगुरत होता, फास घेऊन त्याला धरायला आलेल्या पालिकेच्या माणसांना जवळ येऊ देत नव्हता. बी-यूला वाटलं, गप्प राहावं. सोडलेला जीव पुन्हा धरून दिला नि नवस उलटला तर? नवरा आत्ता कुठे उठून बसायला लागलाय. पण खालून शाळेची मुलं चढत होती.

“माझा आहे,” ती म्हणाली.

“मग बोलवा की, वहिनी!” पालिकेचा एक माणूस म्हणाला.

तिने हाक मारली. गुरगुर थांबली. कुत्रा शेपूट हलवत आला, तिच्या हातात तोंड खुपसून भात शोधू लागला, आणि तेवढ्यात त्याच्या गळ्यात फास पडला.