तेत्सुजीच्या नावेच्या मोऱ्या

"घट्ट धर! फिरू देऊ नकोस!" नावेच्या पोटातून तेत्सुजी ओरडला.

"धरलीय हो," बाहेरून फुमिए म्हणाली. "माझा हात मोडेल, पण ही फिरायची नाही."

जपानातल्या इन्नोशिमा बेटावर, आमच्या धक्क्यावर तेत्सुजीची जुनी शिडाची नाव ठोकळ्यांवर चढवली होती. पोस्टातून निवृत्त झालेला हा माणूस आत पान्यासकट दुमडून बसलेला, आणि बायको फुमिए बाहेर मोरीची पितळी तोटी धरून उभी. या कामाला दोघं लागतातच: बाहेरच्यानं तोटी धरायची, आतल्यानं नट आवळायचा.

मागच्या बसायच्या हौद्यातून पाणी काढणाऱ्या मोऱ्या बोटभर रुंद. लाट आली की पाणी तुंबायचं. एकदा त्यात कोळंबी वाढली, तिची नातवंडं झाली. मी या डोळ्यांनी पाहिलंय. पण तेत्सुजीला सलत होता तो ओरिता. शेजारच्या नावेचा मालक, विधुर, दात सगळे स्वतःचे. फुमिए दर रविवारी त्याच्या नावेतून जाऊ लागली होती. "तिथं पाय कोरडे राहतात," म्हणायची. म्हणून तेत्सुजीनं स्वतःच्या नावेला मनगट जाईल एवढी भोकं पाडली.

दुसरं भोक अजून उघडं होतं. त्यातून त्याला निळे बूट दिसले.

"कोण आलंय?"

"ओरितासान. संत्री आणलीत."

भोकाशी एक डोळा आला. "तेत्सुजीसान, हात देऊ का?"

"नको! आहेत मला दोन!"

बाहेर दोघं हसली. उठावं तर तोटीभोवती भरलेली लांबी सुकत आलेली, नट सोडता येईना. त्यानं तो असा आवळला की खाडीची भरती क्षणभर थबकली.

नाव पाण्यात उतरली. तिच्या नाकाडावर साके, म्हणजे तांदळाची दारू, शिंपडून झाली. दोघं बाहेर पडताच लाट हौद्यात आली आणि नव्या मोऱ्यांतून एका घोटात गेली.

"बघ! कोरडे!"

"छान झालंय," फुमिए म्हणाली. नजर मात्र ओरिताच्या शिडावर.

"आता काय राहिलं?"

"पायांचं मी आपलं तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगायची. ओरितासान मला सुकाणू धरायला देतात."

"नावेची देवी बाई आहे. दुसऱ्या बाईच्या हातात सुकाणू दिलं की जळते ती."

"त्यांच्याही नावेत देवी आहेच की. ती नाही जळत."

तेत्सुजीनं सुकाणू सोडलं. मग बाकावर सरकून त्यानं जागा केली.

तिच्या हाती शीड फडफडायचं थांबलं. ओरिताची नाव मागे पडली, त्यानं टोपी हलवली. फुमिएनं हात सुकाणूवरून काढला नाही, हे तेत्सुजीनं नीट पाहिलं. स्वतःचे हात कुठे ठेवावेत, ते मात्र त्याला परत धक्क्याला लागेपर्यंत उमगलं नाही.