एक वीत वर सरकलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. कापड मोजणारी नव्हे, ओढ्याचं पाणी मोजणारी. पुरुषभर उंच, लोखंडी, पांढऱ्या अंगावर काळे आकडे. बल्गेरियातल्या एका डोंगरी गावात, दगडी पुलाच्या पायथ्याशी मला रोवलं ते मिल्का बाईंनी. विद्यापीठात जैवअभियांत्रिकीच्या, म्हणजे जिवंत झाडाझुडपांनी काठ बांधून काढायच्या शास्त्राच्या, पहिल्या वर्षाला त्या जलविज्ञान शिकवायच्या.

बाई कडक. "कागदावर पाणी वाहत नाही, बाळांनो! बूट काढा आणि उतरा," असं म्हणत त्या स्वतःच आधी ओढ्यात शिरायच्या. मुलं कुडकुडत माझा आकडा वाचायची. गोठलेला ओढा पट्टीला घट्ट धरून वर उचलतो, हे बाईंना ठाऊक होतं. म्हणून बर्फ वितळलं की दर वर्षी पहिलं काम एकच. पुलाच्या दगडात एक खिळा ठोकलेला होता, त्याच्याशी माझी उंची ताडून पाहायची.

काठावर त्स्वेताना मावशीचं घर होतं. तिच्या पायऱ्यांवर बसून बाई भाजलेल्या मिरच्या खायच्या आणि मुलांना म्हणायच्या, "ही पट्टी म्हणजे तुमची खरी मास्तरीण." काय रुबाब होता तेव्हा माझा!

मग बाई निवृत्त झाल्या आणि रांगेल सर आले. त्यांची मुलं पुलावरूनच वाकून आकडा वाचत. थंडी जास्त असली तर मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवून घेत. एका हिवाळ्यात बर्फाने मला चांगलं वीतभर वर उचललं. मी वर गेले, म्हणजे माझा आकडा तेवढा कमी झाला. पण खिळ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मावशीच्या मात्र लक्षात आलं.

"अहो मास्तर, पाणी माझ्या खालच्या पायरीला टेकलं की ही बया साठ दाखवायची. आता चाळीस दाखवते. सरकलीय ती!"

"मावशी, तुम्ही मिरच्या भाजा. आकडे आमच्यावर सोडा," सर म्हणाले. मुलं फिदीफिदी हसली. मला वाचा असती तर ओरडले असते.

पुढे मावशीचं घर पुरापासून वाचावं म्हणून सरांनी मुलांकडून काठाला बांध घालून घेतला. वाळुंजाच्या जिवंत फांद्या रोवलेला, हिरवागार, देखणा. उंची ठरवली ती माझ्याच पाच वर्षांच्या आकड्यांवरून. म्हणजे बांध वीतभर ठेंगणा राहिला. पुढच्याच वसंतात पूर आला, तो बरोबर तेवढाच वरून गेला. मावशीचं घर बसलं. शेळी सोडायला ती बाहेर आली होती म्हणून जिवानिशी वाचली. आता ती शहरात लेकीकडे, चौथ्या मजल्यावर राहते.

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, "पट्टी सदोष." वा रे वा! चोर सोडून संन्याशाला फाशी! मला उपटून वर्गाच्या भिंतीवर टांगलं. दर वर्षी पहिल्या तासाला सर माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "उपकरणावर आंधळा विश्वास ठेवू नका."

मित्रांनो, माझी कीव करू नका. वर्षातून एकदा तपासायचं ते तपासा. आणि काठावर राहणारं माणूस काही सांगू लागलं, तर हसू नका, ऐका.

यंदा एका मुलीने हात वर केला. "सर, तेव्हा गावात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं?"

सर खडू घेऊन फळ्याकडे वळले. "नाही," ते म्हणाले. "कुणाच्याच नाही."

मुलीने तेही वहीत लिहून घेतलं.