तंबोऱ्याची जवारी काढणारी कानस

मित्रांनो, मी एक जुनी कानस आहे. पण लोखंड खरवडणारी साधीसुधी कानस समजू नका हं! मिरजेत चांदसाहेबांच्या दुकानात तीस वर्षं मी तंबोऱ्याची जवारी काढते आहे, म्हणजे तारांचा आवाज गुंजता करते आहे. तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिचा माथा मी घासते. कमी घासलं तर आवाज उघडत नाही, जास्त घासलं तर बसतो. एवढंच माझं काम, पण त्याचा मला भारी तोरा!

चांदसाहेबांनी मला बाजारातून आणलं आणि बाभळीची मूठ बसवली. तेव्हापासून मी त्यांचीच. गवई लांबून यायचे, तार छेडून वाहवा करायचे. माझ्याकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नसे. असो.

अलीकडे मला एक गोष्ट कळली होती, ती घरात कुणालाच ठाऊक नव्हती. चांदसाहेबांना बारीक ऐकू येईनासं झालं होतं. पूर्वी ते माझे दोन हात मारत आणि थांबत. आता आठ-आठ मारत, आणि डोळ्यांनी अंदाज घेत. मला फार वाईट वाटे, पण मी पडले मुकी.

त्यांचा थोरला यासीन इंजिनिअर, मोजमापात हुशार. धाकटी अल्फिया कॉमर्सला दोनदा नापास. आकडे दिसले की पोरीचं डोकं गरगरायचं. "हिचं पुढं कसं हुयाचं?" ही तिच्या आईची, अख्तरबींची रोजची काळजी. शेवटी यासीननं सांगलीच्या एका ऑफिसात तिच्यासाठी कॉम्प्युटरवर याद्या भरायची नोकरी बघितली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती.

शनिवारी सांगलीच्या गाणं शिकवणाऱ्या चंदनबालाताई तंबोरा न्यायला येणार होत्या. चांदसाहेबांनी घोडी घासली, पण आवाज बसका. "अब्बा, द्या इकडं," म्हणत यासीन पुढे झाला, तेव्हा चांदसाहेबांनी माझी मूठ त्याच्यापुढे केली. त्यानं एका जुन्या, गोड तंबोऱ्याच्या घोडीचं माप यंत्रानं घेतलं आणि या घोडीला हुबेहूब तसाच उतार दिला. माप बिनचूक, आवाज मात्र ठार बंद! अहो, प्रत्येक भोपळा वेगळा, प्रत्येक लाकूड वेगळं. एकाची घोडी दुसऱ्याला कशी चालेल?

कणीक मळता मळता अल्फिया दारात आली; लहानपणापासून ती इथूनच जवारी बघत, ऐकत आली होती.

"भाईजान, थांब. तिसरी तार चोंदलीया. डाव्या अंगाला जरासं काढ."

"कशावरनं म्हणतीस?"

"ते न्हाई सांगता येत. पण हाय."

आमच्या दुकानाची रीत अशी, की उस्तादानं मूठ पुढे केल्याशिवाय कुणी जवारीला हात लावायचा नाही. आणि मूठ आजवर पुढे झाली ती मुलग्यांपुढेच. चांदसाहेबांनी यासीनच्या हातातून मला परत घेतलं. मग त्यांनी सदऱ्यानं माझी मूठ पुसली आणि तिच्यापुढे केली.

"धर. माझ्या कानाला आता लागत न्हाई गं."

ते ऐकून लेकीच्या मागून आलेल्या अख्तरबी उंबऱ्यावरच बसल्या. यासीन उठून बाजूला झाला.

तिच्या बोटांची कणीक माझ्या दात्यांत अडकली. एरवी मी चिडले असते. पण काय सांगू, त्या बोटांना कुठे थांबायचं ते माहीत होतं! तिनं तीन हात मारले, तारेखाली सुताचा धागा सरकवला, तार छेडली. पुन्हा एक हात. आणि आवाज असा उघडला, की मीसुद्धा शहारले.

चंदनबालाताई आल्या आणि डोळे मिटून ऐकत बसल्या. "चांदसाहेब, अशी जवारी लय वर्सांत ऐकली न्हाई!"

"मी न्हाई काढली, ताई. पोरीनं काढली." चांदसाहेबांनी भोपळ्यावर तळवा टेकला आणि तसाच ठेवला. "हाताला तरी लय गोड लागतीया."

त्या सांगलीच्या ऑफिसाला यासीननंच फोन करून नकार कळवला. सोमवारी अल्फिया चटईवर बसली होती, आणि मी तिच्या हातात होते.

मित्रांनो, काम झालं की माझे दाते ब्रशनं साफ करा. ओल्या जागी टाकू नका, मी गंजते. आणि तुमच्या घरात आकड्यांत न रमणारं कुणी असेल, तर त्याला नापास म्हणण्याआधी एखादं हत्यार त्याच्या हातात द्या. देताना मूठ त्याच्याकडे करा.