पहिल्या मालकाचं बिल

अलकाच्या घशाचं ऑपरेशन ठरलं आणि आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. मी टावर चौकातून एक सेकंडहँड रेकॉर्डर आणला. म्हटलं, काहीतरी छान बोलून ठेव. बाईसाहेबांनी तासभर माझी हजेरीच घेतली! "अहो, उठा." "दूध उतू गेलं, लक्ष कुठे होतं?" "चहा गार होतोय."

ऑपरेशननंतर ती पाटीवर लिहू लागली आणि मी रोज सकाळी ती बोलणी ऐकू लागलो. 'कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा,' असं तिने दोनदा लिहून दाखवलं. मी आजचं उद्यावर ढकललं.

गेल्या महिन्यात सेल पार संपले. नवे घातले, तर यंत्र कोड मागू लागलं. सेल पार संपले की मागायचा तो कोड, जुन्या मालकाने घातलेला. कंपनीला फोन केला, स्पीकरवर.

"सर, फर्स्ट ओनर आप ही हैं?" तिकडच्या मुलीने विचारलं.

अलका समोरून 'हो म्हणा' अशी मान हलवत होती. पण तीस वर्षं बँकेत काढलेला मी! "नहीं, सेकंडहैंड लिया है."

"फिर हम कुछ नहीं कर पाएँगे, सर. पहले खरीदार से बात करवाइए, ओरिजिनल बिल के साथ."

अलकाने कपाळावर हात मारला. आला मोठा हरिश्चंद्र, असं तिला म्हणायचं असणार. पूर्वी म्हणायचीच.

दुकानदाराला पंधरा दिवस भंडावलं, तेव्हा कुठे त्याने नाव सांगितलं. केदार मुजुमदार, माधव नगरातले वकील. माणूस भला. बिल शोधून स्वतः घरी आले.

"विलासजी, कोड तर मला पण याद नाही. पण मी त्यांच्याशी बोलून देतो ना."

ते बोलले, बिलाचा फोटो पाठवला. मुलगी एकदम गोड झाली. "वेरिफाई हो गया, सर. अब रीसेट करना पड़ेगा. करें?"

रीसेट! मला हसूच आलं. बँकेत शेकडो लोकांचे पासवर्ड मी रीसेट करून दिले, कोणाच्या खात्यातला पैसा हलला नाही. "हाँ हाँ, बताइए," म्हणालो आणि तिने सांगितलेली दोन बटणं दहा सेकंद स्वतःच्या बोटांनी दाबून धरली.

यंत्र चालू झालं. कोड मागितला नाही. आत एकही रेकॉर्डिंग नव्हतं.

"मैडम, आवाज कहाँ गई?"

"सर, रीसेट में सब डिलीट हो जाता है."

"वापस लाइए ना."

"नहीं आ सकता, सर. और कोई सहायता?"

मी तिला नाही नाही ते बोललो. गाढव तर मीच होतो. केदारजी उठून गेले आणि मी लाज सोडून रडलो.

अलका आत गेली. कप आणून माझ्यापुढे ठेवला, पाटीवर काहीतरी लिहिलं आणि पाटी पुढे केली.

'चहा गार होतोय.'

मी ते वाचलं. मग मनातल्या मनात तिच्या आवाजात म्हणून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. नाही जमलं.